प्रॉम्प्ट लिहायला कुठून सुरुवात करावी? चौथीच्या भागाकारावरून दिलेलं उत्तर

माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवणाऱ्या शिक्षिकेने विचारलं आहे: "फोनवर एआय असिस्टंट वापरायला लागून दोन महिने झाले. भागाकाराची शाब्दिक उदाहरणं मागितली की लगेच देतो, पण ती माझ्या मुलांच्या कामाची नसतात. एकाने शंभर तयार प्रॉम्प्टची पीडीएफ पाठवली, तीही वापरून पाहिली. प्रॉम्प्ट इंग्रजीतच लिहावा लागतो का? वर्णनात्मक नोंदींसाठी वापरला तर चालेल का? नेमकं शिकायचं काय, ते सांगा."

ताई, ती पीडीएफ आधी बाजूला ठेवा. त्यातले प्रॉम्प्ट, म्हणजे असिस्टंटला लिहून द्यायच्या सूचना, वाईट असतील असं नाही. पण तुमच्या वर्गाबद्दल त्यात एकही ओळ नाही, आणि तुम्हाला हवी आहेत ती उदाहरणं त्या न लिहिलेल्या ओळींमधूनच येणार आहेत.

मी वीसेक वर्षं मराठी शैक्षणिक मजकुराचं संपादन आणि भाषांतर केलं. २०२३पासून शिक्षकांसाठी याच विषयाच्या कार्यशाळा घेते. तिथे पुन्हा पुन्हा दिसतं की ज्यांना आपला वर्ग आतून माहीत आहे त्यांना चांगला प्रॉम्प्ट लिहिता येतो, मग संगणकाची सवय असो वा नसो. अडतं ते एकाच ठिकाणी. जे माहीत आहे ते इतकं रोजचं झालेलं असतं की ते लिहायला हवं, हेच सुचत नाही.

असं समजा की तुम्ही आठ दिवसांच्या रजेवर चाललात आणि तुमच्या जागी दुसऱ्या जिल्ह्यातून एक शिक्षिका येणार आहेत. हुशार आहेत, वाचन अफाट आहे, पण तुमचं गाव त्यांनी पाहिलेलं नाही आणि मुलांची नावंही त्यांना ठाऊक नाहीत. टेबलावर त्यांच्यासाठी चिठ्ठी ठेवायची आहे. त्या चिठ्ठीत तुम्ही "चौथीला भागाकार शिकवा" एवढंच लिहाल का? कुठपर्यंत झालंय, मुलं कुठे अडतात, कोणती चूक सारखी करतात, वेळ किती आहे, हे सगळं लिहाल. प्रॉम्प्ट म्हणजे ती चिठ्ठी.

असं का, ते थोडक्यात सांगते, कारण आतली रचना जराशी कळली की बाकीचं पाठ करावं लागत नाही. असिस्टंटच्या मुळाशी भाषेचं एक मॉडेल असतं. प्रचंड मजकुरातून ते एक गोष्ट शिकलेलं असतं: इथपर्यंतचा मजकूर असा असेल, तर पुढचा तुकडा कोणता येण्याची शक्यता जास्त. गूगलच्या संशोधकांनी २०१७मध्ये मांडलेल्या ट्रान्सफॉर्मर या रचनेवर आजचे बहुतेक असिस्टंट उभे आहेत. चॅटजीपीटी या नावातला शेवटचा 'टी' तोच. पुढे माणसांच्या पसंतीनुसार त्याला वळण लावतात, म्हणून ते नुसता मजकूर लांबवत न बसता प्रश्नाचं उत्तर देतं. पण तुमच्या मनातलं ओळखायची सोय त्यात नाही. 'चौथी, भागाकार, शाब्दिक उदाहरणं' एवढेच शब्द दिलेत, तर त्या शब्दांच्या आसपास जे सगळ्यात जास्त वेळा आढळतं ते येतं. सफरचंदं, चॉकलेटं, ग्रंथालयाची कपाटं. मोघम मागितलं की सर्वसाधारण मिळतं, तक्रार करावी असं त्यात काही नाही.

आता तुमचाच भागाकार घेऊ. तुम्ही लिहिलं होतं: "चौथीसाठी भागाकाराची दहा शाब्दिक उदाहरणं दे." मी यात काही गोष्टी घालते. तुमच्या वर्गाबद्दल मला जे माहीत नाही ते अंदाजाने लिहिलंय, ते तुम्ही बदला.

"मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. वर्गात १९ मुलं आहेत. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं त्यांना जमतं, पण शाब्दिक उदाहरणात कोणती क्रिया करायची हे ओळखता येत नाही. 'प्रत्येकी' हा शब्द दिसला की लगेच भागतात, वाक्याचा अर्थ बघत नाहीत.

भागाकाराची सहा शाब्दिक उदाहरणं तयार कर. पहिली दोन समान वाटणीची, पुढची दोन गट पाडण्याची. या चारांत बाकी उरू नये. शेवटच्या दोनांत बाकी उरावी आणि उत्तर देताना त्या बाकीचं काय करायचं याचा विचार करावा लागावा. 'प्रत्येकी' हा शब्द सहांपैकी एकाच उदाहरणात येऊ दे. प्रत्येक उदाहरण दोन-तीन छोट्या वाक्यांचं असावं. संदर्भ मुलांच्या रोजच्या जगण्यातले घे: शेळ्या-मेंढ्या, बाजरी, पाण्याचा टँकर, यात्रा, शाळेतला पोषण आहार.

शेवटच्या दोन उदाहरणांसाठी नमुना: 'म्हसवडच्या यात्रेला ४७ माणसांना जीपने जायचं आहे. एका जीपमध्ये ९ माणसं बसतात. सगळ्यांना नेण्यासाठी किती जीप लागतील?'

आधी सहाही उदाहरणं लिही. त्यानंतर उत्तरं वेगळी दे, सोबत भागाकाराची मांडणी दाखव."

लांबी बघून घाबरू नका. यातलं एकही वाक्य तांत्रिक नाही. मात्र प्रत्येक वाक्याला काम आहे. समान वाटणी आणि गट पाडणं हे भागाकाराचे दोन वेगळे अर्थ आहेत. २४ पेरू ६ मुलांत वाटले तर एकाला किती, ही वाटणी. २४ पेरूंचे सहा-सहाचे किती ढीग होतील, हे गट. मांडणी तीच, उत्तरही ४च, पण मुलाच्या डोक्यातलं चित्र वेगळं. नुसतं 'भागाकार' म्हटलं तर असिस्टंट बहुतेक वेळा वाटणीचीच उदाहरणं देतो आणि गटाचं चित्र मुलांसमोर येतच नाही. हा फरक तुम्हाला डीएडपासून माहीत आहे. तो लिहायचा, एवढंच. ज्या शिक्षकाला हा फरक माहीत नाही, त्याला कुठलीही पीडीएफ असा प्रॉम्प्ट लिहून देऊ शकणार नाही.

आणि तो नमुना. सुरुवात करणाऱ्याने एकच गोष्ट शिकायची ठरवली, तर मी नमुना द्यायला शिका असं सांगेन. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या संशोधकांनी २०२०मध्ये जीपीटी-३ या मॉडेलवर जो निबंध लिहिला, त्याचा गाभाच हा होता: मॉडेलला नव्याने शिकवत बसावं लागत नाही, प्रॉम्प्टमध्येच चार नमुने दिले की ते त्या धर्तीवर काम करतं. 'बाकीचा विचार करावा लागावा' हे समजावून सांगायला मला एक परिच्छेद लागला असता. जीपच्या उदाहरणाने ते तीन ओळींत झालं. ४७ला ९ने भागलं की भागाकार ५ आणि बाकी २. पण त्या दोन माणसांना घरी ठेवून कसं जाणार? म्हणून सहावी जीप. नमुन्यात एक धोका आहे तोही सांगते. एकच नमुना दिला तर त्याची नको तेवढी नक्कल होते, सगळीकडे जीप आणि टेम्पो दिसायला लागतात. तसं झालं तर दुसरा, वेगळ्या विषयातला नमुना जोडा, किंवा "नमुन्यातली फक्त प्रश्नाची पद्धत घे, विषय घेऊ नकोस" असं लिहा.

हा प्रॉम्प्ट पाठवला म्हणजे झालं असं मात्र नाही. मी पाठवून पाहिला तेव्हा सहापैकी तीन उदाहरणं जशीच्या तशी वर्गात नेण्यासारखी होती. उरलेल्या तिनांत तीन वेगळ्या चुका होत्या, आणि त्या तशाच सांगण्यासारख्या आहेत.

पहिल्या उदाहरणात टँकरमधलं ८४५ लिटर पाणी ७ घरांना सारखं वाटायचं होतं. भागून बघा, बाकी ५ उरते. बाकी नको असं स्पष्ट लिहिलेलं असूनही चूक झाली. एका उदाहरणात शेळी दिवसाला ९ लिटर दूध देत होती. ११७ भागिले ९ बरोबर १३ येतात, गणितात खोट नाही, पण तुमच्या वर्गातली मुलं तिथेच थांबतील आणि विचारतील, बाई, एवढं दूध देणारं शेरडू कुणाकडंय? तिसरी चूक सगळ्यात बारीक. "१२५ किलो बाजरी ८ किलोच्या पिशव्यांत भरली. किती पिशव्या भरल्या आणि किती बाजरी उरली?" वरवर ठीक आहे. पण 'किती उरली' असं प्रश्नच विचारतोय म्हटल्यावर बाकीचं काय करायचं याचा विचार मुलाला करावाच लागत नाही. ज्यासाठी हे उदाहरण मागितलं होतं, तेच त्यातून निसटलं.

इथे बरेच जण "चांगली दे", "अजून सोपी कर" असं लिहितात आणि पुन्हा मोघम उत्तर मिळवतात. वही तपासताना आपण नुसती लाल रेघ मारत नाही, चूक कुठे झाली ते लिहितो. इथेही तसंच. मी लिहिलं:

"पहिल्या उदाहरणात बाकी ५ उरते, ८४५ऐवजी ८४० घे. दूध देणाऱ्या शेळीचं उदाहरण काढ, शेळी एवढं दूध देत नाही. त्याऐवजी शेळ्यांचे कळप करण्याचं उदाहरण घाल. बाजरीच्या उदाहरणात किती उरली हे विचारू नकोस. त्याच आकड्यांवर दोन प्रश्न कर: सगळी बाजरी भरायला किती पिशव्या लागतील, आणि पूर्ण भरलेल्या किती पिशव्या बाजारात विकता येतील. बाकीची उदाहरणं जशीच्या तशी ठेव."

बाजरीचे ते दोन प्रश्न बघा. मांडणी एकच, १५ भागाकार, ५ बाकी. पण पहिल्याचं उत्तर १६ पिशव्या आणि दुसऱ्याचं १५. असं जोड-उदाहरण मला आधी सुचलं नव्हतं. असिस्टंटची चूक वाचताना सुचलं. माझ्यासाठी या साधनाची खरी किंमत इथे आहे. समोर काहीतरी कच्चं आलं की आपल्याला नेमकं काय हवंय ते दिसायला लागतं. म्हणून पहिलं उत्तर फसलं की निराश होऊन फोन ठेवू नका, आणि ते बरं वाटलं म्हणून न तपासता फळ्यावरही लिहू नका.

शेवटचं "बाकीची जशीच्या तशी ठेव" हे वाक्य विसरू नका. ते नसेल तर एक उदाहरण दुरुस्त करताना असिस्टंट चांगली झालेली उदाहरणंही बदलून टाकतो.

उत्तरांसोबत मांडणी का मागितली, त्यामागे एक ऐकण्यासारखी गोष्ट आहे. २०२२मध्ये टोकियो विद्यापीठ आणि गूगलच्या संशोधकांनी गणिताच्या शाब्दिक उदाहरणांचा एक संच तेव्हाच्या मॉडेलला सोडवायला दिला. नुसतं उत्तर मागितलं तेव्हा १७.७ टक्के उत्तरं बरोबर आली. उत्तराच्या आधी "एकेक पायरी करून विचार करू या" अशा अर्थाचं एक इंग्रजी वाक्य घातलं, तर ७८.७ टक्के. एका वाक्याने एवढा फरक! आपण मुलांना "मनातल्या मनात नको, पायऱ्या लिही" म्हणतो, त्याचीच आठवण होते. आताची बरीच मॉडेलं उत्तराआधी आपणहून पायऱ्या करतात, त्यामुळे ते वाक्य सगळीकडे चिकटवण्याची गरज उरलेली नाही. तरी मांडणी मागत जा, कारण ती समोर असली की चूक कोणत्या पायरीला झाली ते तुम्हाला क्षणात दिसतं.

प्रॉम्प्टमध्ये काय काय घालायचं हेच सुचत नसेल, तर एक सोपी वाट आहे. काम दोन ओळींत सांगा आणि पुढे लिहा: "सुरुवात करण्याआधी तुला माझ्याकडून जे जाणून घ्यायचं आहे ते विचार. जास्तीत जास्त पाच प्रश्न." तो वर्गाची पातळी, वेळ, मुलांच्या अडचणी विचारेल. त्याचे सगळेच प्रश्न कामाचे नसतात, पण उत्तरं देता देता आपण काय सांगायचं विसरलो होतो ते लक्षात येतं. आठ-दहा वेळा असं केल्यावर ते प्रश्न तुमच्या अंगवळणी पडतील.

आता भाषेचा प्रश्न. इंग्रजीतच लिहावं लागतं का? नाही. चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड या सगळ्यांना मराठी चांगली कळते. ज्या भाषेत तुम्ही वर्गाचा विचार करता त्याच भाषेत प्रॉम्प्ट लिहा. अडखळत्या इंग्रजीत लिहिलं की नेमके बारकावे गळतात. "'प्रत्येकी' दिसलं की भागतात" ही तुमची सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही इंग्रजीत लिहिलीच नसती. टाइप करायचा कंटाळा येत असेल तर फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोला. बोलताना आपण आपोआप जास्त सांगतो. फक्त पाठवण्याआधी एकदा वाचून घ्या, बोललेले आकडे आणि नावं चुकीची उमटतात.

कळण्याची अडचण नाही, पण असिस्टंट जी मराठी लिहितो तिच्यात इंग्रजीची हाडं दिसतात. "हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे की", "विद्यार्थ्यांद्वारे केले जाते", "चला, या रोमांचक प्रवासाला सुरुवात करूया". संपादक म्हणून याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण अशी वाक्यं मुलांच्या कानावर रोज पडली तर त्यांना तीच मराठी वाटू लागेल. इंटरनेटवर इंग्रजी मजकुराच्या मानाने मराठी फार थोडी आहे, त्यामुळे मॉडेलच्या कानातही इंग्रजी जास्त घुमते. "सोप्या मराठीत लिही" म्हणून फारसा फरक पडत नाही, कारण 'सोपी' म्हणजे कशी हे त्याला कळत नाही. त्यापेक्षा तुम्ही स्वतः मुलांसाठी लिहिलेला आठ-दहा ओळींचा मजकूर चिकटवा आणि म्हणा, "भाषेची ढब अशी ठेव." पुन्हा नमुनाच.

मराठीच्या आणखी काही खास अडचणी आहेत. तुम्ही शिक्षिका आहात हे सांगितलं नाही, तर तुमच्या नावाने लिहिलेल्या पत्रात "मी शिकवतो" येतं. पालकांना लिहिलेल्या एकाच सूचनेत वर 'आपण', मध्ये 'तुम्ही' आणि शेवटी 'तू' येतं. म्हणून संबोधन कोणतं ठेवायचं हे आधीच लिहा. संख्यांची अक्षरी नावं स्वतः वाचून तपासा. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत मोठी माणसं गोंधळतात, मॉडेलही गोंधळतं, आणि संख्यावाचन हा तर चौथीचा पाया. शिवाय देवनागरी मजकुराचे मॉडेलच्या आत इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पडतात, त्यामुळे लांबलचक मराठी संभाषणात त्याची लक्षात ठेवायची जागा लवकर भरते आणि सुरुवातीच्या सूचना निसटू लागतात. विषय बदलला की नवं संभाषण उघडा. भागाकाराच्या गप्पांतच पुढे स्वातंत्र्यदिनाचं भाषण मागू नका.

लांब मजकूर चिकटवून त्यावर प्रश्न विचारायचा असेल, एखादं परिपत्रक किंवा धडा, तर मजकूर आधी ठेवा आणि प्रश्न शेवटी लिहा.

वर्णनात्मक नोंदींबद्दल, म्हणजे प्रत्येक मुलाच्या प्रगतीबद्दल नोंदवहीत लिहायच्या वाक्यांबद्दल, मी जरा ठाम बोलणार आहे. महाराष्ट्रात २०१०पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हापासून या नोंदींचं ओझं मी शिक्षकांच्या तोंडून ऐकत आले आहे. १९ मुलं, प्रत्येकाच्या प्रत्येक विषयाच्या नोंदी, त्यात माहित्या आणि अहवाल वेगळेच. असिस्टंटकडे "चौथीच्या मराठीच्या पन्नास वर्णनात्मक नोंदी दे" म्हटलं की अर्ध्या मिनिटात यादी येते, आणि ती नोंदवहीत उतरवायचा मोह होतो. कृपा करून ते करू नका. त्या नोंदी कुठल्याच मुलाच्या नसतात. "वाचनात रस घेतो" हे वाक्य जो खरंच तुमच्या कपाटातलं प्रत्येक पुस्तक संपवतो त्याच्याही पानावर येतं आणि जो पान उलटून ठेवतो त्याच्याही. पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला त्यातून काहीच कळत नाही.

पण ओझं हलकं करता येतं. आठवडाभर जे दिसलं ते तुटक शब्दांत टिपून ठेवा, व्याकरणाची चिंता नको. मग लिहा: "खाली एका मुलाबद्दलच्या माझ्या टिपणी आहेत: कविता चालीत म्हणतो. जोडाक्षर आलं की थांबतो. शेजारच्याला वजाबाकी समजावून देतो, हातचा विसरत नाही. यावरून भाषा आणि गणित यांच्या प्रत्येकी दोन नोंदी लिही. एक नोंद एका वाक्याची. टिपणीत नसलेला कोणताही गुण किंवा दोष जोडू नकोस." बघणं तुमचं आणि वाक्यं जुळवणं त्याचं, एवढी वाटणी ठेवली तर मला यात काहीही गैर वाटत नाही.

मुलाचं नाव मात्र लिहू नका. 'मुलगा क', 'मुलगी ख' पुरेसं आहे. आधार क्रमांक, जात, आजार, घरातल्या अडचणी यातलं काहीही असिस्टंटमध्ये घालू नका. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते असं म्हटलं आहे. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. मुलाने विश्वासाने बाईंना सांगितलेली गोष्ट ती.

आणखी एका ठिकाणी चांगले अनुभवी लोक फसतात: शासन निर्णय. एका कार्यशाळेत मी स्वतः पालक सभेच्या पत्राचा मसुदा असिस्टंटकडून करून घेतला. त्यात शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख इतकी व्यवस्थित होती की मला शंका आली नाही. एका शिक्षिकेने शासनाच्या संकेतस्थळावर शोधलं, तर तसा निर्णयच नव्हता. मसुदा वर्गाबाहेर गेला नव्हता म्हणून निभावलं. क्रमांकाचा साचा मॉडेलने पाहिलेला असतो, त्या साच्यात बसणारे आकडे ते भरून टाकतं. २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, कधीच न झालेले निकाल दाखले म्हणून दिले, आणि ५,००० डॉलरचा दंड झाला. त्यातल्या एकाने चॅटजीपीटीलाच विचारलं होतं की हे निकाल खरे आहेत ना? त्याने हो म्हटलं होतं. तेव्हा "हे नक्की बरोबर आहे का?" हा प्रश्न त्यालाच विचारणं म्हणजे तपासणं नव्हे. शासन निर्णय संकेतस्थळावरून उतरवून घ्या, त्याचा मजकूर चिकटवा आणि लिहा: "फक्त या मजकुराच्या आधारे उत्तर दे. यात नसेल तर 'यात नाही' असं सांग." ती शेवटची परवानगी दिली की बनावट उत्तरं बरीच कमी होतात. पूर्ण थांबत नाहीत, म्हणून मूळ कागद जवळ ठेवा.

त्या पीडीएफबद्दलही राहिलं. "तू जगातला सर्वोत्तम गणित शिक्षक आहेस" अशी सुरुवात त्यातल्या बऱ्याच प्रॉम्प्टची असते. त्याने सूर थोडा बदलतो, ज्ञान वाढत नाही. ती ओळ मुलांबद्दलच्या एका खऱ्या ओळीसाठी खर्च करा. "असं करू नकोस, तसं करू नकोस" अशी लांब यादीही नको. काय हवं ते सांगितलेलं जास्त लागू पडतं. एक-दोन नकार मात्र चालतात, मी वर वापरलेच आहेत.

पहिल्या आठवड्यात एकच विषय घ्या, भागाकारच घ्या. जो प्रॉम्प्ट जमेल तो फोनच्या नोंदींत जपून ठेवा, पुढच्या वेळी फक्त बदललेल्या ओळी बदलायच्या. आणि उदाहरणं वर्गात दिलीत की सुट्टी व्हायच्या आत दोन ओळी टिपून घ्या: कुठलं उदाहरण अडलं, मुलांनी काय उत्तर लिहिलं. समजा १९पैकी ११ जणांनी जीपच्या उदाहरणाचं उत्तर ५ लिहिलं, तर पुढच्या प्रॉम्प्टची पहिली ओळ तीच: "माझ्या वर्गातल्या ११ मुलांना बाकी २ दिसते, पण ती दोन माणसं आहेत हे दिसत नाही."